कोड तोच, माहिती तीच, उत्तर मात्र वेगळं

एक्सेल उघडा, एका रिकाम्या चौकटीत इंग्रजी आकड्यांत ७/१२ टाइप करा आणि एंटर दाबा. आपल्याकडच्या बहुतेक संगणकांवर सातबारा नाहीसा होऊन तिथं ७ डिसेंबर ही तारीख येईल. आता ज्या संगणकात तारखेची सेटिंग अमेरिकन पद्धतीची आहे, त्यावर तेच करून बघा. तिथं १२ जुलै येईल. माणूस तोच, बोटं तीच, एक्सेलही तेच, आणि उत्तरात जवळजवळ पाच महिन्यांचा फरक. तुम्ही काहीच चुकला नाहीत. तुम्ही टाइप केलेल्या अक्षरांच्या खाली जी सेटिंग बसलेली आहे, तिनं तुम्हाला न विचारता निर्णय घेतला.

हा लेख अशाच खाली बसलेल्या गोष्टींबद्दल आहे. उसाला पाणी कधी द्यायचं ते एआय सांगणार, पानाचा फोटो काढला की रोग ओळखला जाणार, पुराचा अंदाज दोन दिवस आधी मिळणार, अशा बातम्या आपण रोज वाचतो. त्यात एक टक्का असतो: इतके टक्के अचूक. हा टक्का कुणीतरी संगणकावर काढलेला असतो. उद्या दुसऱ्या कुणी तीच माहिती आणि तोच प्रोग्राम घेऊन बसलं, तर त्यालाही तोच टक्का मिळायला हवा. विज्ञानावर विश्वास ठेवायचा तो याच आधारावर. आणि सध्या अडचण अशी आहे की पुष्कळदा तो टक्का पुन्हा मिळतच नाही.

खुंट जमिनीखाली असतो

तासगावच्या बाजूला द्राक्षबागेत गेलात आणि "कुठली जात?" असं विचारलंत, तर उत्तर मिळेल थॉमसन, सोनाक्का, माणिकचमन. पण ती वेल स्वतःच्या मुळांवर उभी असेलच असं नाही. बहुतेक ठिकाणी आधी डॉगरिजसारखा जंगली खुंट लावलेला असतो आणि त्यावर हव्या त्या जातीचं कलम केलेलं असतं. बाग बघणाऱ्याला दिसते ती वरची जात. क्षारपड जमिनीत वेल तग धरते की नाही, पाण्याचा ताण किती सोसते, हे बरंचसं खालचा खुंट ठरवतो.

संशोधकाचा प्रोग्राम हेही कलमच असतं. हळदीवर संशोधन करणारी मुलगी स्वतः लिहिते त्या फार तर दोनशे ओळी. फोटो उघडणं, आकडेमोड, आलेख काढणं, ही कामं ती इतरांनी आधीच लिहून ठेवलेल्या तयार पॅकेजांकडून करून घेते. आपला प्रोग्राम चालायला दुसऱ्याचं जे जे सॉफ्टवेअर लागतं, त्याला डिपेंडन्सी म्हणतात. साधं नाव द्यायचं तर आधार. त्या आधारालाही आणखी आधार लागतात. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं आकडेमोडीचं पॅकेज नमपाय, त्याच्याखाली गणिताची आणखी जुनी लायब्ररी म्हणजे तयार प्रोग्रामांचा संच, तिच्याखाली विंडोज किंवा लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम. दोनशे ओळींच्या कामाखाली पन्नास-साठ पॅकेजं सहज निघतात, आणि त्यांतल्या बहुतेकांची नावं लिहिणाऱ्याला ठाऊकही नसतात.

यातलं प्रत्येक पॅकेज कुणीतरी सुधारत असतं. सुधारलं की नवा क्रमांक मिळतो, त्याला व्हर्जन म्हणायचं. म्हणजे खुंट जमिनीखाली हळूहळू बदलत राहतो आणि वरून बाग तशीच दिसते.

हळदीच्या पानांची गोष्ट

माझी भाची एमएस्सीला असताना हळदीच्या पानांवरचा करपा फोटोवरून ओळखायचं काम करत होती. २०१९ सालचं हे. मिरज आणि वाळवा तालुक्यांत फिरून तिनं स्वतः फोटो काढले होते, सकाळी दव सुकल्यावर, पान एका पांढऱ्या पुठ्ठ्यावर ठेवून. रँडम फॉरेस्ट नावाची पद्धत तिनं वापरली. यात संगणक निर्णय घेणारी बरीच छोटी 'झाडं' तयार करतो, प्रत्येक झाड आपलं मत देतं आणि बहुमतानं निकाल लागतो. अचूकता आली ८१.३ टक्के. तेवढ्यावर तिनं निबंध लिहून एका नियतकालिकाकडे पाठवला.

मग कोरोना आला. २०२१ मध्ये परीक्षकांचं पत्र आलं की एक आलेख वेगळ्या पद्धतीनं काढून द्या. मधल्या काळात तिचा लॅपटॉप फॉरमॅट झाला होता. तिनं सगळं नव्यानं इन्स्टॉल केलं, जुना प्रोग्राम चालवला आणि अचूकता आली ८६ च्या वर. एखाद्याला आनंद झाला असता. ती रडकुंडीला आली होती. "मामा, कोडातलं एक अक्षरसुद्धा हलवलं नाही मी. बघ की तूच. आता यातलं खरं कुठलं म्हणून सांगू त्यांना?"

दोन दिवस आम्ही शोधत होतो. फोटो मोजले, फायलींची नावं ताडून पाहिली. उत्तर सापडलं ते तिच्या जुन्या नोटबुक फाइलमध्ये, जिथं प्रोग्रामसोबत तेव्हाचा निकालही जसाच्या तसा साठलेला होता. निकालाच्या वर लालसर पट्टीत एक इशारा होता, तिनं तेव्हा न वाचता खाली सरकवलेला. सायकिट-लर्न या पॅकेजचा तो इशारा सांगत होता की झाडांची संख्या तुम्ही दिलेली नाही, म्हणून आम्ही १० धरतो आहोत, पण ०.२२ व्हर्जनपासून १०० धरू.

एवढंच झालं होतं. तिनं प्रोग्राममध्ये "रँडम फॉरेस्ट लाव" म्हटलं होतं, "किती झाडं" ते सांगितलं नव्हतं. पूर्वी दहा जणांची ग्रामसभा बसत होती, आता शंभर जणांची बसली. डिसेंबर २०१९ मध्ये आलेल्या ०.२२ व्हर्जननं हा बदल केला. आणि ही काही कुणाची चूक नव्हती. दहापेक्षा शंभर झाडं बरी हे बरोबरच आहे, आणि त्यांनी आधी बजावलंही होतं.

मग जुनं व्हर्जन मिळवायला गेलो, तर नव्या पायथनवर ते बसेना. त्यासाठी पायथन जुनं आणलं, त्याला जुळणारं नमपाय शोधलं, कारण नवं चालत नव्हतं. चौथ्या खटपटीला ८१.३ पुन्हा दिसलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते. परीक्षकांना तिनं दोन्ही आकडे आणि कारण कळवलं, झाडांची संख्या आता स्पष्ट लिहिली आहे असंही सांगितलं.

त्या दोन दिवसांत मला एक गोष्ट नीट उमगली. आपण "कोड आणि डेटा जपून ठेवा" असं मुलांना सांगतो, आणि ते अर्धवट सांगतो.

एवढ्याशा फरकानं काय बिघडतं?

आपल्याच नदीचं उदाहरण घ्या. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. समजा, ३९ आणि ४० अशा दोन नोंदींची सरासरी एका छोट्या प्रोग्रामला काढायची आहे. पायथन २ मध्ये ७९ भागिले २ लिहिलं, तर उत्तर यायचं ३९, कारण पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की अपूर्णांक तिथं सोडून दिला जायचा. पायथन ३ मध्ये तेच लिहिलं की ३९.५ येतं. अर्धा फूट, तोही कसलीही चूक न दाखवता. गावभागात किंवा हरिपूर रस्त्याला राहणाऱ्याला विचारा अर्धा फूट म्हणजे काय. उंबऱ्याच्या अलीकडे की पलीकडे, एवढा तो फरक असतो. पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० ला कायमची थांबली, पण त्यात लिहिलेले प्रोग्राम पेनड्राइव्हवर अजून पडून आहेत.

मेंदूच्या एमआरआय प्रतिमांवरून वेगवेगळ्या भागांचं आकारमान मोजणारं फ्रीसर्फर नावाचं सॉफ्टवेअर आहे. २०१२ मध्ये संशोधकांनी त्याच प्रतिमा त्याच्या वेगवेगळ्या व्हर्जनमधून काढून बघितल्या. भागांच्या आकारमानात सरासरी ८.८ टक्के फरक निघाला. मॅक संगणक बदलून दुसरा वर्कस्टेशन घेतला तरी फरक पडला, आणि मॅकची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली तरीही पडला. एखाद्या आजारात मेंदू किती आकसतो हे मोजताना काही टक्क्यांवरच निष्कर्ष काढले जातात. मग तो आकस रोगाचा की व्हर्जनचा?

रसायनशास्त्रातलं उदाहरण तर फारच बारीक आहे. रेणूंची रचना ताडून बघायला २०१४ मध्ये एक पायथन प्रोग्राम प्रसिद्ध झाला आणि पुढं पुष्कळांनी वापरला. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या मंडळींच्या लक्षात आलं की संगणक बदलला की त्याचं उत्तर बदलतं. प्रोग्राम फोल्डरमधल्या फायली एकामागून एक उचलायचा, आणि त्या अमुक क्रमानंच मिळतील असं धरून चालायचा. तो क्रम मात्र ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. काही संगणकांवर क्रम बरोबर यायचा, काहींवर नाही, आणि चुकला तरी प्रोग्राम निमूट एक आकडा देऊन मोकळा व्हायचा.

मला यात सर्वांत जास्त भीती वाटते ती या निमूटपणाची. बंद पडलेला प्रोग्राम निदान ओरडून सांगतो. हार्वर्डच्या माहितीसाठ्यात संशोधकांनी स्वतः ठेवलेल्या आर भाषेतल्या नऊ हजारांवर फायली एका गटानं चालवून पाहिल्या, त्यांतल्या ७४ टक्के पहिल्या झटक्यात चालल्याच नाहीत. २०२२ साली हे प्रसिद्ध झालं. आकडा वाईट आहे, पण त्या ७४ टक्क्यांत काहीतरी अडलं आहे हे निदान कळतं. भाचीचा प्रोग्राम तर सुरळीत चालला होता.

मग करायचं काय? फवारणीची डायरी

युरोपला माल पाठवणारा द्राक्ष बागायतदार काय करतो ते आठवा. बागेची ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षांसाठीच्या ऑनलाइन प्रणालीवर नोंदणी असते, आणि घरात फवारणीची डायरी. "भुरीला औषध मारलं" असं त्यात चालत नाही. कोणतं औषध, त्यातला घटक कोणता, लिटरला किती, कोणत्या तारखेला, काढणीला किती दिवस राहिले होते, सगळं लिहायचं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हापासून डायरीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

प्रोग्रामचीही अशीच डायरी असते, आणि आनंदाची गोष्ट म्हणजे ती संगणक स्वतः लिहून देतो. पायथनमध्ये 'पिप फ्रीझ' ही एका ओळीची आज्ञा दिली की बसवलेल्या प्रत्येक पॅकेजचं नाव आणि त्यापुढं नेमकं व्हर्जन अशी यादी मिळते. ती फाइल प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये ठेवायची, आणि पायथनचं स्वतःचं व्हर्जन त्यात येत नाही म्हणून ते शेजारी लिहायचं. आरमध्ये 'सेशन इन्फो' ही आज्ञा यादी दाखवते, आणि 'आरएन्व्ह' हे पॅकेज ती सांभाळतं आणि दुसऱ्या संगणकावर तशीच उभी करून देतं. सगळे आधार, आधारांचे आधार, त्यांची नेमकी व्हर्जनं आणि जमल्यास प्रत्येक फाइलचा अंगठ्याचा ठसा अशी पक्की यादी असते, तिला लॉक फाइल म्हणतात. ठसा म्हणजे फाइलवरून काढलेली लांबलचक संख्या. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी ती बदलते, म्हणून मिळालेला माल तोच आहे का हे तपासता येतं.

दुसरी सवय म्हणजे प्रत्येक कामाची चूल वेगळी. चतुर्थीच्या साबुदाण्याला आपण रोजची कढई घेत नाही. तसं प्रत्येक प्रकल्पाला पॅकेजांचा स्वतंत्र कप्पा करायचा, त्याला एन्व्हायर्नमेंट म्हणतात. एका कामासाठी नवं नमपाय घेतलं म्हणून दुसरं काम बिघडत नाही, आणि यादीत नको त्या पॅकेजांची भरतीही होत नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे कंटेनर. लग्नाचा केटरर गावात येतो तेव्हा तिथं शेगडी असेल का, झारा मिळेल का, असं विचारत बसत नाही. सगळं टेम्पोत घालून आणतो. कंटेनरमध्ये प्रोग्राम, पॅकेजं आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा लागेल तेवढा भाग एकत्र बांधलेला असतो. यासाठी डॉकर सर्वांत प्रचलित. पण "कंटेनर केला, आता यादी कशाला" असं म्हणू नका. कंटेनर ज्या पाककृतीवरून बांधतात तिच्यात "सर्वांत नवं पायथन घे" असं लिहिलं असेल, तर पुढच्या वर्षी त्याच पाककृतीतून वेगळा कंटेनर तयार होईल. बांधलेला तयार कंटेनर जपून ठेवायचा आणि पाककृतीतही व्हर्जन लिहायचं.

या सगळ्याच्या आधीचं एक काम मात्र कुठल्याही अवजाराशिवाय होतं. पॅकेज स्वतःहून जे गृहीत धरतं, त्यातलं महत्त्वाचं आपण प्रोग्राममध्ये स्पष्ट लिहायचं. झाडं १००. फायली नावाच्या क्रमानं. भाचीनं एक शब्द लिहिला असता तर आमचे दोन दिवस वाचले असते.

"पण नवीन व्हर्जन चांगलंच असतं की"

बहुधा असतंच. आर भाषेत २०१९ मध्ये ३.६.० व्हर्जन आलं, तेव्हा यादीतून यादृच्छिक नावं निवडण्याची पद्धत सुधारली, कारण जुनीत किंचित पक्षपात होता. आता कल्पना करा, मिरज तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या यादीतून तुम्ही ५० जण निवडले, आणि पुन्हा तेच ५० यावेत म्हणून निवडीचा बीज-क्रमांकही, म्हणजे संगणकाची यादृच्छिक निवड ज्या आकड्यापासून सुरू होते तो, लिहून ठेवला. नव्या व्हर्जनवर त्याच बीजातून वेगळे ५० शेतकरी येतात. निवड सुधारली, पण ज्यांच्या घरी तुम्ही सर्वेक्षणाला गेला होता ते हे नव्हेत.

म्हणून नवं घ्या, जरूर घ्या, फक्त आपण घेतोय हे माहीत असू द्या. आधी जुनं उत्तर जुन्या व्हर्जनवर पक्कं करायचं, मग नवं बसवून फरक बघायचा. फरक पडला तर तोही संशोधनाचाच भाग आहे. व्हर्जन क्रमांकातला पहिला आकडा बदलला तरच मोठा बदल, असा एक संकेत आहे. त्यावर विसंबू नका. सायकिट-लर्ननं दहाची शंभर झाडं केली तेव्हा पहिला आकडा शून्यच होता.

"जुनं धरून बसलं तर सुरक्षेचं काय?"

हा आक्षेप खरा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या पॅकेजमधलं भगदाड उघड झालं, तेव्हा जगभरात लोकांना रातोरात नवं व्हर्जन बसवावं लागलं. लोकांसाठी चालणारी वेबसाइट जुन्या पॅकेजांवर ठेवणं चूकच.

पण निबंधामागचा प्रोग्राम म्हणजे वेबसाइट नव्हे. तो नेटपासून तोडलेल्या कप्प्यात, गरज पडेल तेव्हा चालवायचा असतो. आणि डोळे मिटून सर्वांत नवं घेणं हीही सुरक्षितता नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ या सर्वांत ताज्या व्हर्जनमध्येच कुणीतरी चोरदरवाजा बसवलेला सापडला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला, म्हणून तो सापडला. ज्यांच्याकडे यादी होती त्यांना आपल्याकडे ते व्हर्जन आहे का, हे मिनिटाभरात कळलं. यादी असण्याचा हाही फायदा.

"नेटवर सगळं कायम असतंच ना?"

नसतं. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अवघ्या ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं एका वादातून काढून घेतलं, आणि त्यावर उभे असलेले हजारो प्रकल्प बांधता येईनासे झाले. यादी असणं वेगळं आणि यादीतला माल मिळणं वेगळं. म्हणून लहान कामातही पॅकेजांच्या फायलींची एक प्रत डेटाबरोबर ठेवावी. प्रसिद्ध झालेलं काम झेनोडोवर ठेवता येतं. युरोपातल्या सर्न या संस्थेनं चालवलेला हा विनामूल्य साठा आहे, आणि तिथं ठेवलेल्या प्रत्येक कामाला निबंधात देता येईल असा कायमचा क्रमांक मिळतो.

आपल्या भागाला याची गरज इतरांपेक्षा थोडी जास्तच आहे, असं मला वाटतं. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप झाला, आणि तेव्हापासून तिथल्या हादऱ्यांचा अभ्यास अखंड चालू आहे. कराडला त्यासाठीच संशोधन प्रयोगशाळा आहे, जमिनीत तीन किलोमीटर खोल भोक पाडून झालं आहे. अशा कामात आजचं उत्तर तीस वर्षांनी कुणीतरी पुन्हा काढून बघणार. त्या वेळी आजचा एकही लॅपटॉप चालू नसेल.

"आम्ही तर एक्सेलवरच काम करतो"

मग सातबारावाला प्रयोग तुमच्यासाठीच आहे. जनुकांची मार्च१, सेप्ट२ अशी नावं एक्सेल तारखांत बदलून टाकायचं, आणि ही घाण इतक्या निबंधांत शिरली की २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीनं ती नावंच बदलली. गट नंबर, प्लॉट नंबर, १०-१२ असे आकारगट यांचे रकाने माहिती भरण्याआधीच 'टेक्स्ट' करून ठेवा. मूळ फाइलला हात लावू नका, काम तिच्या प्रतीवर करा. आणि पहिल्या पानावर एक्सेलचं व्हर्जन आणि तारखेची पद्धत लिहा. दोन ओळींचं काम आहे.

"एवढा वेळ कुणाकडे आहे?"

पहिल्या दिवशी दहा मिनिटं. प्रबंध बांधणीला गेल्यावर करायला बसलात तर आठवडा, आणि तरी खात्री नाही. मार्गदर्शकांना माझी कळकळीची विनंती आहे की विद्यार्थ्याचा निकाल बघण्याआधी यादी बघा. आणि सही करण्याआधी तो फोल्डर दुसऱ्या विद्यार्थ्याला, दुसऱ्या संगणकावर चालवायला द्या. ही परीक्षा अवघड वाटते, पण हिच्याइतकी खरी दुसरी नाही.

भाची आता पीएचडी करते आहे. गेल्या महिन्यात तिनं ते जुनं हळदीचं काम यादीसकट नीट बांधून माझ्याकडे पाठवलं, "मामा, तुझ्याकडे चालवून बघ" म्हणून. माझ्याकडे लिनक्स, तिच्याकडे विंडोज. दुसऱ्याच ओळीत अडकलं, कारण फोटोंचा पत्ता तिच्या डेस्कटॉपचा लिहिलेला होता. तिनं दुरुस्त करून पुन्हा पाठवलं. रात्री जेवण झाल्यावर परत लावलं. पॅकेजं उतरायला अठरा मिनिटं लागली, मग फोटो एकेक करून पुढं सरकायला लागले, आणि शेवटच्या ओळीत ८१.३ आलं.